चुड्यासकट हात

ऐक, नुसतं ऐक. आणि तो हात आधी खाली ठेव दर्शू, असा बोटांना धरून उचलायचा नसतो, कागदाचा आहे तो, अंगठ्यापाशी एकदा मोडून चिकटवलाय. हां, गादीवर ठेव. मनगटाशी हिरवं काय चमकतंय विचारलंस ना? काच आहे. सांगते. पण मध्ये मध्ये ‘मग? मग?’ करायचं नाही, मला सांगताना आधीच धाप लागते.

तर वैजूताई म्हणाली, “रेवू, हे गरम होतंय का गं?”

“होतंच ते. प्लॅस्टर आवळायला लागलं की गरम होतं. म्हणजे नीट जमतंय.”

“नाही, बरंच गरम होतंय.”

“पाच मिनिटं गं. हलू नकोस, रेषा बिघडतील.”

चित्र येतंय ना डोळ्यासमोर? वैजूताई, माझी सख्खी मोठी बहीण, लग्न दोन दिवसांवर आलेलं, आमच्या कराडच्या घराच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसलीय. समोर पाटावर घमेलं, गवंडी लोकांचं असतं ना तसलं. त्यात पांढरं प्लॅस्टर, आणि प्लॅस्टरमध्ये तिचा उजवा हात, तळवा खाली करून, मनगटाच्या वरपर्यंत, हिरव्या चुड्यासकट बुडवलेला. आणि मी उकिडवी बसून तिचा हात वरून दाबून धरलाय. का, तर आमच्या आत्याला तसा हात हवा होता. नाही, खोटं कशाला बोलू. मलाच हवा होता.

हे सगळं सुरू झालं रुखवतावरून. बैठकीत संग्रामची आई, संग्राम म्हणजे नवरदेव, सहज बोलून गेली होती की, “आमच्या थोरल्या सुनेच्या रुखवताचं अजून लोक नाव काढतात.” झालं. शालन आत्या पेटली. शालन आत्या पप्पांची मोठी बहीण, हे स्थळ तिनंच आणलेलं, आणि ती आमच्याकडे राहायला आली की घर तिचं. आई म्हणाली, आजकाल रुखवत भाड्यानं मिळतं, दोन तास मांडायचं आणि परत करायचं. आत्या म्हणाली, “भाड्याचं? आणि आपल्या जगदाळ्यांच्या मांडवात? तुझ्या पोरींना हात दिलेत ना देवानं?”

मी लगेच पुढं. बारावीची परीक्षा संपलेली, दिवस जात नव्हता, आणि मी एक व्हिडिओ बघितला होता, कागदाच्या लगद्याच्या उठावाच्या नक्षीकामाचा. मी म्हटलं, मी करते. एकवीस नग करते.

आणि केले गं! रद्दी फाडायची, दोन दिवस बादलीत भिजवायची, मिक्सरमधून काढायची. त्यात आईचं चटणीचं भांडं कायमचं गेलं, ते तिनं मला अजून ऐकवायचं सोडलेलं नाही. मग चाळणीवर पाणी निथळायचं, फेविकॉल घालायचा, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घालायची, आणि साच्यात बोटांनी, कोपऱ्याकोपऱ्यात बत्त्यानं दाबत बसायचं. साचे पण घरचे. आधी शाडूचा मोर करायचा, त्यावर प्लॅस्टर ओतायचं, घट्ट झालं की शाडू खरवडून काढायचा, झाला साचा. मोर, कलश, पोपटांची जोडी, तुळस. गाठीचा लाकडी साचा शेजारच्या हलवायाकडून मागून आणला होता. आणि वाळलेला तुकडा साच्यातून सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो ना, त्या आवाजाचं मला वेड लागलं होतं. सकाळी उठल्या उठल्या दात न घासता गच्चीवर.

मागच्या खोलीत छातीएवढा रद्दीचा ढीग होता. मी वरून उपसत खाली चाललेले. आठवड्यात ढीग गुडघ्याला आला. तर एक दिवस वैजूताई दोन कवळे भरून स्वतःच्या नोट्स घेऊन आली.

“हे घे. पांढरा कागद आहे. तुझा पेपरचा लगदा मेलेल्या उंदरासारखा दिसतो.”

“ताई, नोट्स? तुझ्या?”

“मग काय आता लोणचं घालू त्यांचं?”

तीन वर्षं ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. मुंगीएवढं अक्षर, सगळं निळ्या पेनानं. एवढा मोठा गठ्ठा. आणि मी काय केलं? मी खूश झाले. फाडायला बसले. एवढंसुद्धा विचारलं नाही की ताई, नक्की ना? लगदा इतका छान झाला, किंचित निळसर. आत्यानं बघितलं आणि म्हणाली, “नीळ घातलीस काय गं ह्यात?” वैजूताई शेजारीच उभी होती. तिनं ‘हो’ म्हणून सांगितलं.

तर एकवीस झाले, त्यांच्यावर राहिला होता मधला मोठा नग. आत्याचं म्हणणं, मधोमध नवरीचा हात पाहिजे, लक्ष्मीचा, आणि तो चुड्यासकट. म्हणून थांबलो. शुक्रवारी सकाळी कासार आला, त्यानं दोन्ही हातांत चुडा भरला, असा घट्ट की वैजूताईची बोटं लाल झाली. आणि एकदा चुडा भरला की आमच्यात नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही. ह्यात आत्या एकदम कडक. लसूण सोलायला म्हणून तिनं खुर्चीच पुढच्या दारात टाकली.

तीन वाजता मी घमेलं घेऊन तयार. वैजूताई म्हणाली, “उद्या करू या गं.”

“उद्या हळद आहे! आणि हे वाळायला नको का? उद्या केलं तर परवा ओला हात मांडू का मांडवात?”

“मला जरा पडायचंय, रेवू.”

तेवढ्यात पुढून आत्या ओरडली, “बस की गं वैजू! पोरगी महिनाभर राबतीय, तुला अर्धा तास बसायला काय जड जातंय? आणि संग्रामची आई येतीय शालू घेऊन, तिला पण बघू दे.”

वैजूताईनं घड्याळाकडे बघितलं. मग मागच्या दाराकडे. मग बसली. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. मला त्या दिवसांत साच्याशिवाय काही दिसत नव्हतं.

आणि मी तीन चुका केल्या. लवकर घट्ट व्हावं म्हणून पाणी कोमट घेतलं आणि वर मीठ टाकलं. व्हॅसलीन बोटांना लावलं, तळव्याला लावलं, बांगड्यांच्या खाली नाही लावलं. आणि तिसरी सगळ्यात मोठी, बांगड्या नीट उठाव्यात म्हणून वरून आणखी दोन पळ्या ओतल्या. म्हणजे प्लॅस्टर बांगड्यांच्या मधून गेलं, वरून गेलं, सगळीकडून गेलं, आणि घट्ट झालं.

“रेवू, भाजतंय.”

“बरं, काढ. हळू काढ.”

तिनं बोटं हलवली. बोटं सुटली. व्हॅसलीनमुळे तळवा पण सुटला. पण हात वर येईना. बांगड्या आत दगडात बसल्यासारख्या बसल्या होत्या, आणि बांगड्यांमध्ये मनगट. मागं ओढायला जावं तर कासारानं ज्या बांगड्या साबण लावून कशाबशा चढवल्या, त्या काय अशा उतरतायत? मी खांदा धरून ओढलं. घमेलं पाटासकट उचललं गेलं.

“थांब, थांब. तेल आणते.”

“नको. बाहेर जाऊ नकोस.”

“अगं तेल नको का?”

“किती वाजले?”

“काय?”

“वाजले किती, रेवती.”

मला ती रेवती म्हणतच नाही कधी. मी मोबाईल बघितला. तीन चोवीस. तिनं डोळे मिटले. कपाळावर घाम, पण आवाज इतका थंड की मलाच भीती वाटली.

“चारची पुण्याची गाडी आहे,” ती म्हणाली. “मला ती पकडायचीय. उद्या सकाळी दहाला माझी मुलाखत आहे.”

“कसली मुलाखत?”

“कसली असेल?”

“पण तू तर नोट्स... मी तर सगळ्या... ताई, मी त्यांचा पोपट केला!”

आणि ती हसली गं. हात भाजत असताना हसली. “पाठ आहेत मला त्या. तू अख्खी रद्दी उपसत निघाली होतीस. ढिगाच्या तळाला बॅग ठेवलीय मी. तुला थांबवायला काहीतरी द्यायला नको?”

मी वळून बघितलं. भिंतीकडच्या पेपरांच्या खाली एक काळा बंद दिसत होता. आठवडाभर मी त्या ढिगापाशी बसून होते, दर्शू. हातभर अंतरावर.

“पप्पांना सांगितलंस?”

“पत्र आलं त्या दिवशीच सांगितलं. आत्या म्हणाली, हळदीच्या दिवशी नवरी मुलाखतीला? लोक काय म्हणतील. मग म्हणाली, त्यांच्याकडे सुना नोकरी करत नाहीत, मग मुलाखत कशाला. पप्पा म्हणाले, आत्याचं बरोबर आहे. झालं.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तुझ्या पोटात काही राहतं का?”

आता मी तुला खरं सांगते. ऐकून तुला मी आवडणार नाही, पण सांगते. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? माझं रुखवत. एकवीस नग गच्चीवर रांगेत वाळत घातलेले आणि ही चाललीय. माझ्या तोंडातून निघूनच गेलं, “मग माझं रुखवत?”

ती म्हणाली, “हाक मार आत्याला. मार. पाच मिनिटांत सगळे गोळा होतील, कासाराला बोलावतील, तो येईपर्यंत हात शिजेल. पण बांगड्यांना कुणी हात लावू देणार नाही, तुला माहितीय.”

माहीत होतंच. आमच्या घरात बांगडी फुटली असा शब्दसुद्धा काढायचा नाही, वाढवली म्हणायचं. आणि हा तर चुडा. लग्नाच्या दोन दिवस आधी. आत्याच्या नणंदेचा चुडा असाच मांडवात तडकला होता, आणि पुढं त्या बाईचं जे काय वाईट झालं ते सगळं त्या तड्यावर गेलेलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले.

मी प्लॅस्टरला हात लावला. चटका बसला. खरंच चटका, आंघोळीच्या पहिल्या तांब्यासारखा, आणि तिचा हात त्यात, बाहेर काढता न येणारा.

“रेवू,” ती म्हणाली, आणि आता आवाज थोडा फाटला, “मिक्सर लाव.”

“काय?”

“मिक्सर लाव आणि बत्ता घे.”

मी आधी घराकडच्या दाराची कडी आतून लावली, मग लगद्याचं भांडं कोपऱ्यातल्या मिक्सरला लावलं. उरलेल्या निळसर लगद्याचं. घर्रर्र सुरू झालं. बाहेरून आत्या ओरडली, “अजून किती वाटणार आहेस गं? डोकं उठलं!” मी ओरडले, “झालंच आत्या!” आणि खाली बसले. बत्ता हातात. लक्षात येतंय का, त्याच बत्त्यानं महिनाभर मी मोराचा पिसारा दाबत होते, आणि आता उचलवत नव्हता.

“मार,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघू नकोस. बांगडीकडे बघ.”

पहिला घाव मी इतका हळू मारला की बांगडी नुसती वाजली. दुसरा मारला. काच उडाली, माझ्या गालाला लागली. मग मारतच सुटले. मिक्सरचा आवाज, काचेचा आवाज, आणि ती दातात ओढणी धरून. मोजल्या नाहीत मी. प्लॅस्टरचा वरचा थर चिरला, त्याचा टवका निघाला, आणि हात वर आला. ओला, लाल, मनगटावर फोड उठत चाललेला, दोन ठिकाणी कापलेला. आणि मोकळा. डाव्या हातात अख्खा हिरवा चुडा आणि उजवा हात रिकामा.

मी मिक्सर बंद केला. आत्या म्हणाली, “हां, आता बरं वाटलं.” आणि पुन्हा लसूण.

मी बादलीतलं पाणी तिच्या हातावर ओतलं, ओढणी गुंडाळली. तिनं ढिगाखालून बॅग ओढली. मागच्या दाराची कडी मी काढली. ती करकरते, म्हणून वर व्हॅसलीन चोपडलं. बघ, तेव्हा सुचलं, बांगड्यांच्या वेळी नाही सुचलं. वैजूताई उंबऱ्यापाशी थांबली. मला वाटलं, मिठी मारेल, काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, “चार वाजेपर्यंत. मग उघड.” आणि गेली. तीन पस्तीस झाले होते.

आणि तीन चाळीसला संग्रामची आई आली.

दर्शू, खोलीला दोन दारं, मागचं परसात आणि पुढचं घरात उघडणारं. मागचं उघडं टाकून मी पळू शकत होते. पण पुढच्या दाराची आतली कडी लागलेली राहिली आणि आतून आवाज आला नाही, तर दोन मिनिटांत आत्या फिरून मागं येणार, वैजूताई अजून कोपऱ्यावर रिक्षा शोधत असणार. म्हणून मी बसले. रिकाम्या स्टुलासमोर, घमेल्यावर हात ठेवून.

“वैजू, अगं या आल्या, बाहेर ये!”

“आत्या, हात घमेल्यात आहे तिचा!” मी ओरडले. “हलवला तर सगळं गेलं!”

“मग दार तरी उघड, बघतील त्या.”

“वारं लागलं तर तडा जातो!”

कुणाला लागतं गं वारं? प्लॅस्टरला? पण आत्यानं ते मान्य केलं. तिला माझ्या कलेतलं काही कळत नव्हतं, महिन्यात पहिल्यांदा मला त्याचा फायदा झाला. संग्रामची आई हसत म्हणाली, “होऊ दे, होऊ दे. हौसेचं काम आहे.” बाई चांगल्या होत्या, हे पण सांगून ठेवते.

तीन सेहेचाळीस. मी रिकाम्या स्टुलाला म्हणाले, “ताई, हलू नकोस हां.” मोठ्यानं. मग म्हणाले, “दुखतंय? थोडंच राहिलं.” मग मलाच रडायला यायला लागलं, कारण मी हे अर्ध्या तासापूर्वी खरंच बोलले होते. जमिनीवर काच, गालावर रक्त, घमेल्यात हाताच्या आकाराचा खड्डा.

“सूनबाई,” संग्रामची आई दाराशी आली, एकदम जवळ, कडीच्या पलीकडे. “शालूचा काठ बघायचा का फटीतून?”

मी स्टूल जरा सरकवलं, आवाज यावा म्हणून.

“वैजयंती? बोलत का नाहीस गं?”

“तिला बोलायचं नाहीये!” मी म्हटलं. “बोललं की हात हलतो.”

“बोलताना हात कसा हलतो?”

“हिचा हलतो!”

 मग आत्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिचा सूर बदलला होता. “रेवे, कडी काढ.”

“पाच मिनिटं आत्या.”

“कडी काढ म्हणते ना. विहिनबाई, बसा तुम्ही. मी मागनं जाऊन बघते.”

तीन त्रेपन्न. मला वाटलं, संपलं. मी उठून मागचं दार ओढून घेतलं, पण कडी लागेना, व्हॅसलीननं सगळं निसरडं. आणि परसातून चपलांचा आवाज यायला लागला. आला, आला, खिडकीपाशी थांबला.

आई होती.

हातात दोरीवरचे वाळलेले कपडे. ती आत्याच्या आधी परसात गेली होती. तिनं खिडकीतून बघितलं. स्टूल बघितलं. काच बघितली. घमेलं, बत्ता, ढिगाखालची रिकामी जागा, माझा गाल. सगळं एकेक करून, भाजी निवडतात तसं. मी नुसती मान हलवली, कशासाठी हलवली मला पण माहीत नाही. 

मागून आत्याचा आवाज, “काय गं, आहे का वैजू आत?”

आई खिडकीतून बाजूला झाली. आणि मला तिचा आवाज ऐकू आला, रोजचा, कूकरच्या शिट्ट्या मोजतानाचा. “आहे ना वन्सं. बसलीय बिचारी. अजून ओलं आहे ते, उघडू नका. चला, चहा उतू जातोय, विहिनबाई एकट्या बसल्यात.”

आमच्या घरात आईनं आत्याला ‘चला’ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आणि आत्या गेली गं. चपलांचे दोन आवाज परत गेले.

मी चार दहापर्यंत बसले. गाडी उशिरा सुटत असते कधी कधी, म्हणून दहा मिनिटं जास्त. त्या वीस मिनिटांत मी स्टुलाशी एक शब्द बोलले नाही. मग उठले, पुढची कडी काढली, घमेलं उचललं, जड होतं, आणि तसंच नेऊन हॉलमध्ये शालूच्या शेजारी ठेवलं. हात नसलेला हात. बोटं, तळव्याच्या रेषा, सगळं उत्तम उठलं होतं. मनगटापाशी हिरव्या काचा रुतलेल्या.

आत्यानं आधी माझ्या मागं बघितलं, वैजू येतीय का ते. मग घमेल्यात बघितलं.

“चुडा फोडलास?” ती म्हणाली. वाढवलास नाही. फोडलास.

पुढचं काय सांगू. लग्न मोडलं. पप्पांनी गच्चीवरचे एकवीसच्या एकवीस नग बंबात घातले, आठ दिवस त्यावर तापलेल्या पाण्यानं आंघोळ केली आम्ही. माझं इथल्या कॉलेजातलं ॲडमिशन त्या वर्षी होऊ दिलं नाही, म्हणून मी तुमच्या सगळ्यांपेक्षा एक वर्षानं मोठी आहे, तू विचारत होतीस ना. शालन आत्या चार वर्षांत आमच्या उंबऱ्याला आलेली नाही. आणि दुसऱ्या दिवशी, हळदीच्या दिवशी, संग्राम आला होता. एकटा. फाटकातच उभा राहिला. मी गेले तर म्हणाला, “आई सांगत होती. हात फार भाजलाय का तिचा?” एवढंच. मी म्हटलं, थोडा. तो बरं म्हणाला आणि गेला. तो वाईट नव्हता गं. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

वैजूताईचा फोन महिन्यानं आला. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं म्हणे, चुडा एकाच हातात कसा? मी म्हटलं, मग काय सांगितलंस? म्हणाली, “सांगितलं, दुसऱ्या हातातल्याचं रुखवत झालं.” हसलो आम्ही दोघी. मग ती म्हणाली, निवड नाही झाली. थोडक्यात गेलं. पुढच्या वर्षी झाली, पण खालच्या पदावर, लांब विदर्भात. पप्पा अजून तिचा फोन आला की गच्चीवर जातात.

आणि आई. आई त्या खिडकीबद्दल माझ्याशी आजपर्यंत एक अक्षर बोललेली नाही. फक्त सगळं शांत झाल्यावर, पंधरा दिवसांनी असेल, दुपारी पप्पा शिकवायला शाळेत गेले होते, तिनं माझ्यासमोर एक बादली आणून ठेवली. झाकण काढलं. आत तो निळसर लगदा, शेवटचा. तिनं रोज पाणी बदलून तो टिकवला होता. मग तिनं माळ्यावरून घमेलं ओढलं, जे मला वाटलं होतं पप्पांनी फेकलं.

म्हणाली, “नासून जाईल. संपव.”

मग मी केला हा. दाबला, टिपला, वाळवला. टक् झालं आणि काचा त्याच्याबरोबर उठून आल्या. नीट बघ, करंगळीच्या खाली ताईचं अक्षर पण आहे, एक तुकडा वाटायचा राहिला होता.

मी अजून कधी कधी ते सगळं उलटं करून बघते. एकदा हाक मारली असती तर ती घरी असती, हात कासारानं सोडवला असता, पप्पा बोलत असते, संग्राम फाटकात उभा राहिला नसता. आणि ती? ती तिथंच असती, शालूत. मला कळतच नाही.

तू सांग ना. मिक्सर चालू आहे, ती म्हणतीय मार, आणि बाहेर आत्या लसूण सोलतीय. बत्ता तुझ्या हातात आहे, दर्शू. तू काय केलं असतंस?